गोळ्यांनंतरचा ताप आणि अर्धवट बातमी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हत्तीरोगाच्या गोळ्यांची मोहीम सुरू झाली की एक-दोन दिवसांत ठरलेली बातमी येते: गोळ्या खाल्ल्याने अमुक गावात इतक्या जणांना ताप, मळमळ, चक्कर. बातमी खोटी नसते. पण त्रास का झाला, हे तिच्यात नसतं. मग पुढच्या गावात आशाताई दारात उभी राहिली की उत्तर मिळतं, "ठेवून जा बाई, रात्री जेवल्यावर खातो." त्या गोळ्या दुसऱ्या दिवशी उकिरड्यावर सापडतात. चंद्रपूर-गडचिरोली भागात आरोग्य खात्यात नोकरी केलेला माणूस म्हणून हे लिहितो आहे.

हत्तीरोगाचा कृमी, वुचेरेरिया बँक्रॉफ्टी, घाण पाण्यात वाढणाऱ्या क्युलेक्स डासामुळे अंगात शिरतो आणि लसिकावाहिन्यांत मुक्काम ठोकतो. शाळेत रक्ताभिसरणाचा धडा आपण घोकतो, लसिकेच्या वाट्याला मात्र चार ओळी येतात. रक्तवाहिन्यांतून पेशींभोवती सतत पाणी झिरपत असतं. त्यातलं बरंचसं रक्तात परत जातं. जे मागे राहतं, दिवसाला सुमारे ३ लिटर, ते या बारीक वाहिन्या गोळा करतात आणि मानेच्या मुळाशी मोठ्या शिरेत नेऊन सोडतात. हे पाणी म्हणजेच लसिका. तिला ढकलायला हृदयासारखा पंप नाही. वाहिन्या स्वतः आकुंचन पावतात, चालताना पोटरीचे स्नायू त्यांना दाबतात आणि आतल्या झडपा पाणी मागे येऊ देत नाहीत.

वाटेत लसिकाग्रंथी लागतात. पायात काटा रुतून पिकला की जांघेत अवधाण येतं, ते याच ग्रंथींचं. जखमेजवळच्या काही पेशी जंतूचे तुकडे उचलून ग्रंथीत आणतात. तिथे जमलेल्या लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींपैकी ज्यांना तो तुकडा नेमका जुळतो, त्या भराभर वाढतात. काही प्रतिपिंडं तयार करतात, काही जंतू शिरलेल्या पेशींनाच मारतात. गाठ फुगते ती या धावपळीने.

हत्तीरोगाचा कृमी राहतो तो याच यंत्रणेच्या पोटात, पाच ते आठ वर्षं. शरीराचा प्रतिकार तो दाबून ठेवतो आणि मादी लाखो सूक्ष्म अळ्या रक्तात सोडत राहते. या अळ्या रात्री रक्तात वर येतात, म्हणून आम्ही रक्तनमुने घ्यायला आठ वाजल्यानंतर गावात जात असू. ताजा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला की तांबड्या पेशींना ढुसण्या देत वळवळणारी अळी स्पष्ट दिसते. आणि ज्याचं बोट टोचलेलं असतं तो दिवसभर रोवणी करून आलेला धडधाकट माणूस असतो. पाय सुजलेला नाही, काही दुखत नाही. "मला कुठे रोग आहे?" हा त्याचा प्रश्न खराच असतो. पण त्याच्या वाहिन्या आतून रुंदावून निकामी होत असतात. बांधीचा पाट बुजला की पाणी साचतं, तसा पाय भरायला लागतो तो पुढे कैक वर्षांनी.

आता गोळ्यांचं. त्यांतलं डीईसी हे औषध शरीराच्या प्रतिकारशक्तीला हाताशी धरूनच अळ्यांचा नाश करतं. इतके दिवस लपून राहिलेल्या अळ्या एकदम मरतात, त्यांच्या आत राहणारे वोलबॅकिया नावाचे जिवाणूही रक्तात मोकळे होतात आणि शरीर खडबडून जागं होतं. ताप, डोकेदुखी, अंगदुखी येते ती त्यामुळे. ज्याच्या रक्तात अळ्या जास्त, त्याला त्रास जास्त. तो बहुधा एक-दोन दिवसांत जातो. म्हणजे ज्या तापाची बातमी होते, तो बऱ्याचदा त्या माणसाला गोळीची गरज होती याचा पुरावा असतो. उपाशीपोटी घेतल्याने मळमळ होते, ती गोष्ट वेगळी, आणि ती टाळता येते. त्रास जास्त वाटला तर डॉक्टरकडे जायलाच हवं. दोन वर्षांखालची मुलं, गरोदर बाया आणि फार आजारी माणसं यांना या गोळ्या देतच नाहीत.

माझी तक्रार खात्यावरही आहे. हे सगळं आशाताईने गोळी देण्याआधी सांगायला हवं. ताप आल्यावर सांगितलं की ती सारवासारव वाटते. पण दिवसाला घरं किती झाली याचाच हिशेब तिच्याकडे मागितला, तर बोलायला तिला वेळ कुठून मिळणार? मोहिमेला यश यायला एकूण लोकसंख्येच्या किमान ६५ टक्के लोकांनी गोळी खरोखर गिळावी लागते. वाटलेल्या गोळ्या त्यात धरता येत नाहीत. देशाने निर्मूलनाचं वर्ष २०२७ ठरवलं आहे.

ज्यांचा पाय आधीच सुजला आहे, त्यांची सूज या गोळ्यांनी उतरत नाही. त्यांची बातमी कुणी छापत नाही याचं मला फार वाईट वाटतं. लसिका तुंबलेल्या पायात साधे जिवाणूही माजतात. बोटांच्या बेचक्यात चीर पडली की तिथून ते शिरतात, थंडी वाजून ताप भरतो, पाय लाल होतो, आणि अशा प्रत्येक झटक्यानंतर सूज थोडी आणखी वाढते. हे झटके रोखायला साबण आणि स्वच्छ पाणी लागतं. रोज पाय धुवायचा, घड्या उघडून, बोटांमध्ये सुती कापड फिरवून कोरडा करायचा, चिरेला मलम लावायचं, बसताना पाय वर ठेवायचा, अनवाणी फिरायचं नाही. हे नेमाने करणाऱ्या बायांचे झटके थांबलेले मी पाहिले आहेत. पुरुषांमध्ये याच रोगाने अंडवृद्धी होते आणि ती शस्त्रक्रियेने बरी होते, तरी लाजेपायी माणसं वर्षानुवर्षं धोतराआड लपवतात.

तेव्हा विनंती अशी की, पुढच्या मोहिमेच्या आदल्या दिवशी आपण पहिल्या पानावर चौकट द्यावी. गोळी जेवून घ्यावी, आशाताईसमोरच गिळावी, ती कुणाकुणाला द्यायची नसते, ताप का येऊ शकतो आणि आला तर कुठे जावं, एवढं तीत असावं. त्याच चौकटीत पाय धुण्याचं टब-साबण-मलमाचं साहित्य आणि अंडवृद्धीची शस्त्रक्रिया आपल्या जिल्ह्यात कुठे मिळते, तेही छापावं.

आपला,
एक निवृत्त आरोग्य सहायक, जि. चंद्रपूर