सोनबाचं काय करू?

दत्या,

दिवाळीला फोन ठेवताना ‘सविस्तर लिहितो’ म्हणालो होतो, त्याला आता मे उजाडला. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढं वाच. प्रकृती ठीक, साखर काठावर, स्मिता मजेत.

काल जे झालं ते इथं डॅलसात कुणाला सांगून कळणार नाही. आपण धनगरांच्या वाड्यावरून उचललेलं कुत्र्याचं पिल्लू आठवतं ना? त्याच जातकुळीची गोष्ट आहे.

सहा महिन्यांपासून घरात एक कुत्रा आहे. आमचा नाही, कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळायला दिलेला. ग्रेट पिरेनीज, पांढराशुभ्र, ४८ किलो, मागच्या पायांना दोन-दोन जादा नखं. त्याला सोडवणाऱ्या संस्थेनं नाव ठेवलं स्नोबॉल. वासराएवढं जनावर आणि नाव काय तर स्नोबॉल! चौथ्या दिवशी स्मितानं त्याचा सोनबा केला.

अख्ख्या अमेरिकेत सगळ्यात जास्त शेळ्या आमच्या टेक्सासात, आणि त्यांच्यावर टपलेले कायोटी, म्हणजे इथले कोल्ह्या-लांडग्यासारखे. १९७२ साली सरकारी जमिनीवर त्यांना विष घालायला बंदी आली, आणि पुढच्या काही वर्षांत युरोपातली ही राखणीची कुत्री इथल्या कुरणांत वाढत गेली. कामाला चोख. पण नसबंदीचा खर्च कोण करतो? कुत्री व्याली की एक-दोन पिल्लं कळपात, बाकीची ‘न्या हो कुणीतरी’. शहरातला माणूस कापसाचा गोळा बघून नेतो. वर्षभरात तो गोळा रात्रभर भुंकायला लागतो, कुंपण ओलांडतो, हाक मारली तर आधी विचार करतो. मग एक दिवस गाडीतून लांब नेऊन सोडायचा.

सोनबा हायवेच्या चरात सापडला. डासांमुळे हृदयात जंत झालेले. पाठीत एक इंजेक्शन, महिन्यानं लागोपाठ दोन दिवस दोन, आणि तेवढे महिने पळणं बंद. त्याला दोरीनं धरून अंगणात शी-शूला नेताना आईनं व्हिडिओ कॉलवर पाहिलं आणि म्हणाली, “याच्यासाठी गेलास व्हय तिकडं?”

बरा झाल्यावर दोन घरांनी नेला नि परत आणला. पहिल्यांनी नवव्या दिवशी, भुंकण्यापायी. दुसऱ्यांच्या पाच फुटी कुंपणावरून तो गेला आणि तीन मैलांवर कुणाच्या तरी गाढवांत बसलेला सापडला! आमच्याकडेही रात्री दहाला त्याची ड्युटी लागते. चारी कोपरे हुंगायचे, मग फाटकापाशी बसून गुरगुरत राहायचं, थेट तुझ्या आजोबांसारखं. सोसायटीची दोन पत्रं आलीत. तिसऱ्याला दंड.

आता दोन ठिकाणं आहेत. एक वॉशिंग्टन राज्यातलं, निवृत्त जोडपं, थंड हवा, पाच एकर, सहा फुटी कुंपण, जनावर एकही नाही. शनिवारी इकडून व्हॅन निघते. दुसरा इथला शेळीवाला, तीसेक शेळ्या. त्याचा एकच प्रश्न, “काम करेल का?” संस्थेचा कल जोडप्याकडे, पण शेवटचा शब्द माझा. स्मिता तर म्हणते कुठंच नको.

काल शेळीवाल्याकडे घेऊन गेलो. दोरी मीच धरलेली, पोटात गोळा. सोनबा जाळीपाशी गेला आणि खाली बसला. मान खाली, नजर दुसरीकडे. एक म्हातारी शेळी येऊन त्याचं तोंड हुंगून गेली, मग दोन करडं. हा हललासुद्धा नाही. नंतर उठला आणि कडेकडेनं सावकाश फेरी मारायला लागला. सहा महिने माझ्या हातची भाकरी खाल्ली लेका त्यानं, एकदाही वळून बघितलं नाही.

मला एकदम आदर्कीचं रान दिसलं. तीन रात्री तुमच्या गोठ्यात रडलेलं ते पिल्लू पोत्यात घालून आपण वाड्यामागं चालत निघालो होतो. मेंढरांचा वास आला आणि ते पोत्यातच थरथरायला लागलं. सोडल्यावर थेट वाघरीत, मेंढरांभोवतीच्या जाळीत घुसलं. तू रडलास. (मी नाही.)

पण शेळीवाल्याकडे ऊन रखरखीत, डॉक्टर पन्नास मैलांवर, आणि उद्या याच्यानं काम झालं नाही तर? परत चरातच? तिकडं म्हातारा-म्हातारी त्याला गादीवर घेतील. जपतील. राखायला मात्र काही नाही. तो काय राखेल, त्यांची गुलाबाची झाडं?

तुझ्या वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं हे अम्याकडून कळलं. मनूला बारावीबद्दल शाबासकी सांग. द्राक्षांचं या वेळी काय झालं ते कळव.

शनिवारच्या आत फोन कर, तुझ्या सकाळी सातला. इथं रात्रीचे साडेआठ असतात, सोनबाची ड्युटी लागायच्या आत बोलू.

तुझा,
पक्या

ता. क. गोठ्यातला कासरा तूच सोडला होतास. तीस वर्षं झाली, आता तरी कबूल कर.