प्राणवायूच्या यंत्रांना कुलूप का?

२१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात टाकीतून प्राणवायूची गळती झाली, दाब घसरला आणि किमान २२ रुग्ण दगावले. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर गावोगावच्या सरकारी रुग्णालयांत हवेतून प्राणवायू तयार करणारे पीएसए प्रकल्प उभे राहिले. पण ही यंत्रं नुसती उभी करून भागत नाही. ओलावा शिरला की आतलं झिओलाइट (हवेतला नायट्रोजन शोषून घेणारे दाणे) निकामी होतं, फिल्टर वेळच्या वेळी बदलावे लागतात. आमच्या तालुक्यातल्या प्रकल्पाला कुलूप आहे, कारण चालवायला तंत्रज्ञच नाही! आरोग्य विभागाने दर तीन महिन्यांनी प्रत्येक प्रकल्प पूर्ण क्षमतेने चालवून प्राणवायूची शुद्धता मोजावी आणि तो आकडा रुग्णालयाच्या दारावर लावावा. तंत्रज्ञांची पदंही आत्ताच भरावीत.

– एक निवृत्त परिचारिका, नाशिक जिल्हा