आबांच्या फियाटची खडखड

कोल्हापूर,
रविवार, रात्री साडेदहा

प्रिय भावा,

सप्रेम नमस्कार. सापडली! गेले आठ महिने जिने जीव खाल्ला ती खडखड आज सापडली आणि थांबलीसुद्धा. फोन हातात घेतला होता, पण फोनवर तू मधेच प्रश्न विचारतोस आणि मूळ गोष्ट राहून जाते. म्हणून पहिल्यापासून लिहितो.

तुला आवाज आठवत असेल. गणपतीत आलास तेव्हा मागच्या सीटवर बसून ऐकला होतास. डब्यात चार खिळे टाकून हलवावेत तसा, पायाखालून येणारा. तू म्हणालास शॉकअप गेलेत, आणि पुण्याला पोचल्या पोचल्या नाना पेठेतून जोडी पाठवलीस. ते बसवले. गाडी खड्ड्यातून मऊ जायला लागली, पण खडखड तशीच. तुला वाईट वाटेल म्हणून तेव्हा नीट सांगितलं नाही.

त्यानंतर एका गॅरेजवाल्याने मागच्या पाट्यांचे बुश बदलले. दुसऱ्याने सायलेन्सरच नवा टाकला. तिसऱ्याचं म्हणणं, गिअरचा दांडा स्टीअरिंगला आहे, त्याच्या लांबलचक सळ्या खाली वाजतात. त्या सळ्यांचे सांधेही आवळून झाले. सगळे मिळून १४ हजार गेले. पैशांचं एवढं नाही, पण प्रत्येक जण गाडी परत देताना ‘आता वाजणार नाही’ म्हणायचा आणि संध्याकाळी ती वाजायची. आबांनी तर गाडीत बसणंच सोडलं. १९९१ साली त्यांनी ती घेतली, कुर्ल्याच्या कारखान्यातली पद्मिनी, आणि इतक्या वर्षांत जोतिबाचा रविवार क्वचितच चुकला असेल. आता म्हणायचे, ‘खाली काहीतरी तुटायला आलंय, नको.’ ते घरी बसून राहिले याचा मला फार त्रास झाला.

मी स्वतः एक चूक केली होती. खडखड नेहमी जोतिबाच्या वाटेवरचं केर्ली गाव ओलांडलं की सुरू व्हायची, म्हणून मी दोष रस्त्याला देत होतो. मग मागच्या महिन्यात गारगोटीला जायचं निघालं. रस्ता पूर्ण वेगळा, तरी साधारण तेवढंच अंतर गेल्यावर तीच खडखड! रंकाळ्याला चार फेऱ्या मारून कधी वाजली नव्हती हेही तेव्हाच डोक्यात आलं. म्हणजे रस्त्याचा काही संबंध नव्हता. गाडी तापण्याचा होता.

त्या रात्री वही घेतली आणि आवाज कधी येतो, कधी येत नाही, एवढंच लिहायला लागलो. सपाट रस्त्यावर चालत्या गाडीत गिअर न्यूट्रलला टाकला की आवाज बंद. म्हणजे चाकं, पाटे, शॉकअप सगळे निर्दोष, कारण चाकं तर फिरतच होती. उभ्या गाडीत, इंजिन तापलेलं असताना, ॲक्सिलरेटर हळूहळू दाबत गेलं की एका ठरावीक जागी खडखड येते आणि पुढे दाबलं की जाते. चढाला जास्त. पन्हाळ्याहून उतरताना अजिबात नाही.

वही घेऊन उद्यमनगरातल्या म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी पानं शांतपणे वाचली आणि एकच विचारलं, ‘गाडी गॅरेजात किती वेळ गार पडून असायची?’ रात्रभर, मी म्हणालो. ‘आणि बघायचे जॅकवर उचलून?’ हो. ते म्हणाले, ‘मग दिसणार कसं?’

आज सकाळी त्यांनी सांगितल्याप्रमाणे गाडी वाघबीळपर्यंत पळवून आणली आणि तापलेलीच त्यांच्या खड्ड्यावर घेतली. चारही चाकं जमिनीवर, खाली आम्ही दोघं बॅटरी घेऊन. सगळीकडे तांबूस गंज आणि चिखलाची पुटं. सायलेन्सरच्या सांध्यावर जी पट्टी असते, तिच्या बोल्टचं टोक फरशीखालच्या आडव्या पत्र्याला टेकलं होतं. पत्र्यावर साबुदाण्याएवढा ठिपका, घासून घासून नव्या नाण्यासारखा चकाकणारा. त्या अंधारात तो ठिपका पाहिला आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना.

मिस्त्रींनी हिशेब समजावला. पाइप पुढे इंजिनाला घट्ट बांधलेला, मागे रबरांवर लोंबकळता. तापला की वाढतो आणि वाढायला जागा फक्त मागे. दीड मीटर पोलादी पाइप २०० अंशांनी तापला तर साडेतीन मिलिमीटर लांब होतो, मी घरी येऊन आकडेमोड करून पाहिली. गार असताना त्या फटीत पोस्टकार्ड सरकेल एवढीच जागा होती. फियाटला ट्रकसारखी वेगळी चासी नसते. फरशी, खांब, छत अशी सगळी एकच पेटी, त्यामुळे एका टोकाला वाजलेलं गाडीभर ऐकू येतं.

मी म्हणालो, बोल्टचं टोक कापू या. मिस्त्रींनी मान हलवली. बोल्ट आधी लागत नव्हता, मग आता का लागतो? त्यांनी बोनेट उघडलं, मला हँडब्रेक ओढून, पायाचा ब्रेक दाबून पहिल्या गिअरमध्ये क्लच जरासा सोडायला लावला. इंजिन ड्रायव्हरच्या बाजूला अंगठाभर खाली बसलं! त्या बाजूचं फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्यावर टेकतं तो रबर-लोखंडाचा ठोकळा, फाटलेलं. रबर लोखंडापासून सुटून नुसतं मधे अडकलं होतं. इंजिन पुढे खाली गेलं की पाइप मधल्या आधारावर तराजूच्या दांडीसारखा तिरका होतो आणि मागचं टोक वर जातं. चढाला इंजिन जोर लावतं, जास्त झुकतं. उताराला सैल पडतं, म्हणून आवाज नाही. माझ्या वहीतली एकेक ओळ जुळत गेली. आठ महिने सगळे जिथे आवाज येतो तिथे शोधत होतो, आणि दुखणं पार पुढे इंजिनाखाली!

तरी त्यांनी आधी खात्री केली. फटीत लाकडाची पाचर ठोकून मला केर्लीपर्यंत पिटाळलं. एक शब्द वाजला नाही. मग इंजिनाखाली फळी देऊन जॅकने ते थोडं उचललं आणि जुनं फाउंडेशन काढलं. नवं त्यांच्याच पत्र्याच्या डब्यात जपून ठेवलेलं होतं. पाचर काढल्यावर मी तापलेल्या पाइपशेजारी बोट धरून पाहिलं, आरामात बोटभर जागा. मजुरी त्यांनी इतकी कमी सांगितली की मी दुप्पट ठेवली. त्यातली निम्मी त्यांनी परत माझ्या खिशात कोंबली.

दुपारी आबांना काही न सांगता फक्त ‘चला’ म्हणालो. केर्ली आली तसे ते दाराची मूठ धरून बसले. केर्ली मागे पडली. जोतिबाचा चढ लागला, तिसऱ्यावरून दुसरा गिअर टाकला, इंजिन घुमायला लागलं, आणि खालून नुसता वारा. आबांनी मूठ कधी सोडली ते मला कळलं नाही. वर पोचल्यावर म्हणाले, ‘पुढच्या रविवारी लवकर निघू, गर्दी कमी असते.’

तुझे शॉकअप वाया गेले असं मुळीच समजू नकोस. आबा आज दोनदा म्हणाले, गाडी कशी मऊ चालते.

दिवाळीत येणार आहेस ना? येताना नाना पेठेत तेवढी चक्कर मार आणि पद्मिनीचं डाव्या बाजूचं फाउंडेशन मिळतंय का बघ. उजवं नवं आणि डावं तीस वर्षांचं, हे मिस्त्रींना पटत नाही. आतलं रबर नखाने दाबून बघ, कडक झालेलं असलं तर घेऊ नकोस. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच