देवमासा दाखवायला कोण नेत होतं?

बडोदे

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोनवर तू सहज म्हणालास, "आई, आम्हाला वाढवलंस ते तूच. बाबा तर आपले ऑफिसात." मी गप्प बसले, कारण ते शेजारीच भेंडी चिरत होते. पण रात्रभर ते वाक्य डोक्यातून जाईना.

तू बालवाडीत आणि ताई तिसरीत असताना बँकेने माझी बदली भरूचला केली. सत्तर किलोमीटर. सात वर्षं अपडाऊन केलं. सकाळी सव्वासहाला घर सोडायचं, परत यायला रात्रीचे आठ-साडेआठ. म्हणजे तुमच्या सकाळी मी घरात नव्हतेच रे. तुम्हाला उठवणं, दूध, डबे, सगळं बाबांनी केलं. ताईचे केस कमरेपर्यंत, शाळेत दोन घट्ट वेण्या आणि लाल रिबिनी लागायच्या. पहिल्या आठवड्यात वेण्या दुपारीच सुटायच्या आणि ती रडत घरी यायची. मग एका रविवारी ह्यांनी खुर्चीच्या पाठीला सुतळीचे तीन पेड बांधले आणि मला म्हणाले, "हळू करून दाखव." तासभर तेच चाललं होतं. सोमवारी रात्री मी आले तेव्हा वेण्या जशाच्या तशा होत्या, फक्त भांग वाकडा.

दांडिया बाजारातल्या वाड्यात गॅलरीत बसून ते लेकीची वेणी घालत. खालून जाणारे हसत, तुझ्या आजीलाही ते रुचत नसे. हे मान वर करत नसत. दातांत रिबीन धरलेली असायची.

गाडी उशिरा आली तर कळवायची सोय नव्हती तेव्हा. मी स्टेशनाबाहेर आले की स्कूटर ठरलेल्या जागी उभी दिसायची. ताई मागे, तू पुढे, उभ्या उभ्या झोपलेला. तुझं कपाळ हँडलवर आपटू नये म्हणून त्यांनी मध्ये तळहात धरलेला असायचा. किती वेळ तसे उभे असत, मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

त्याच काळात त्यांना बढती आली, राजकोटला. ती त्यांनी नाकारली. मला हे महिन्याभराने कळलं, तेही त्यांच्या मित्राच्या बायकोकडून. मी खूप भांडले. "पोरांचं सकाळचं कोण बघणार?" एवढंच म्हणाले. पुढे त्याच खुर्चीवरून निवृत्त झाले. तुला हे आजवर कुणी सांगितलं नाही, आणि ती चूक माझी.

२०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्री नदी धोक्याची २६ फुटांची खूण ओलांडून ३५ च्याही वर गेली, आपल्या अकोट्याच्या घरात गुडघाभर पाणी शिरलं, आठवतं ना? तू फोन करून करून थकला होतास. वीज गेलेली. त्या अंधारात त्यांनी आधी माझ्या गोळ्यांचा डबा आणि तुम्हा दोघांच्या मार्कशीटांची पिशवी माळ्यावर ठेवली. स्वतःचा चष्मा खालीच राहिला, तो गेलाच.

तुला कमाटीबागेतलं म्युझियम आठवतं, निळ्या देवमाशाचा तो लांबलचक सांगाडा आठवतो. परवा लेकीला मांडीवर घेऊन तू तिला तेच सांगत होतास. दर रविवारी तिथे तुला कोण नेत होतं? मला आठवड्यातून एकदा तरी दुपारी दोन तास झोप मिळावी म्हणून ते तुम्हाला घेऊन बाहेर पडत. जाताना दार इतकं हळू ओढून घेत, की कडीसुद्धा वाजत नसे.

ह्या रविवारी फोन करशील तेव्हा आधी माझ्याशी बोलू नकोस. त्यांच्याकडे फोन द्यायला सांग. "सगळं ठीक आहे, आईशी बोल," म्हणून ते लगेच फोन माझ्या हातात द्यायला बघतील. देऊ देऊ नकोस. देवमाशाचं विचार.

तुझी,
आई