लाटारोधक बंधाऱ्यांची दर पावसाळ्यानंतर तपासणी व्हावी

महोदय,

कोकणात कुठे किनारा खचला किंवा बंदराच्या बंधाऱ्याला भगदाड पडले, की 'टेट्रापॉड टाका', म्हणजे चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे टाका, अशी मागणी होते. मागणी रास्तच आहे. परंतु टेट्रापॉड हे नुसते टाकायचे नसतात, ते बसवायचे असतात, हे एक निवृत्त स्थापत्य अभियंता म्हणून मला कळकळीने सांगावेसे वाटते.

१९५० मध्ये फ्रान्समधील ग्रनोबल येथे घडवलेल्या या चार पायांच्या ठोकळ्यांचे पाय एकमेकांत नीट गुंतले, की त्यांच्या थरात जवळजवळ निम्मी जागा पोकळ राहते. लाटेचे पाणी त्या पोकळ्यांत शिरून फुटते आणि तिचा जोर तिथेच जिरतो. ही गुंतण सुटली, किंवा तळाशी आधार देणारे दगड वाहून गेले, तर वरचा थर घसरू लागतो. शिवाय लाटेची उंची दुप्पट धरली, तर ठोकळ्याचे वजन आठपट लागते. त्यामुळे एका किनाऱ्यावरचा ठोकळा दुसरीकडे तसाच वापरणे धोक्याचे आहे.

पोर्तुगालमधील सिनेस बंदराच्या बंधाऱ्यावर ४२ टनी 'डोलॉस' ठोकळे बसवले होते. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेला हा सडपातळ, उत्तम गुंतणारा आकार. तरीही फेब्रुवारी १९७८ च्या वादळात, काम संपत आले असतानाच, ते मोठ्या संख्येने मोडले आणि बंधाऱ्याची अपरिमित हानी झाली. याचे एक कारण असे, की प्रयोगशाळेत चाचणीसाठी केलेल्या छोट्या प्रतिकृतीत ठोकळा आकाराच्या मानाने फारच भक्कम असतो, तो हलला तरी मोडत नाही. प्रत्यक्षातला सळईविना ओतलेला अवाढव्य ठोकळा मात्र जागच्या जागी डुलला तरी तडकतो. पुढच्या अभियंत्यांनी ठोकळ्याच्या वजनाइतकेच त्याच्या ताकदीकडे लक्ष दिले, ते या अनुभवानंतर.

आपल्याकडे खडकवासल्याला १९१६ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था आहे आणि तिथे बंधाऱ्यांच्या प्रतिकृतींवर लाटांच्या चाचण्या होतात. मात्र चाचणीनंतर बांधलेल्या बंधाऱ्याचे दर पावसाळ्यात काय होते, हेही पाहायला हवे. म्हणून प्रत्येक बंधाऱ्याची पावसाळा सरताच पाण्यावरून आणि पाण्याखालून पाहणी करावी, किती ठोकळे सरकले व किती तुटले याची नोंद जाहीर करावी, आणि बदली ठोकळ्यांची तरतूद मूळ निविदेतच ठेवावी, अशी माझी शासनाला विनंती आहे.

— एक निवृत्त स्थापत्य अभियंता, पुणे