पाचची स्प्रिंग मागितली, आठची आली: कॉइलओव्हर संचाबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: फोक्सवॅगन पोलोसाठी पाठवलेला चुकीचा कॉइलओव्हर संच (शॉक अब्सॉर्बर व त्याभोवती बसणारी स्प्रिंग) बदलून मिळण्याबाबत

महोदय,

आपल्या ग्राहक सेवेशी माझे पाचवे संभाषण आज दुपारी झाले. त्यानंतर हे पत्र लिहीत असून यापुढे या विषयावर मी फोनवर बोलणार नाही.

ऑर्डर देण्यापूर्वी मी ईमेलने स्पष्ट कळवले होते की ही माझी एकमेव गाडी आहे, धायरी ते चाकण आणि परत असा प्रवास ती आठवड्यातून सहा दिवस करते, ट्रॅकवर ती कधीही जाणार नाही, आणि म्हणून मला पुढे पाच किलो प्रति मिलिमीटरची (दर पाच किलो भाराला एक मिलिमीटर दबणारी) स्प्रिंग व रबरी टॉप माउंट (संचाला वर गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा भाग) हवे आहे. आपल्या विक्री विभागाने त्याला लेखी होकार दिला, म्हणून मी ७८,००० रुपये भरले. प्रत्यक्षात आठच्या स्प्रिंगा आणि पिलोबॉल, म्हणजे रबराऐवजी धातूच्या गोळ्यावर फिरणारे, माउंट आले. बसवून घेण्यापूर्वी स्प्रिंगवर छापलेला आकडा मी पाहिला नाही, ही माझी चूक मला मान्य आहे. पण लेखी होकारावर विश्वास ठेवणे ही चूक मी मानत नाही.

पाच आणि आठ यांत काय फरक पडतो, हे आपल्याला सांगावे लागू नये. तरीही आपल्या प्रतिनिधीने "थोडासाच फरक आहे" असे म्हटल्यामुळे लिहितो. पोलोच्या पुढच्या एका चाकावर, चाक व ब्रेकचे वजन वगळून, साधारण ३०० किलो भार असतो. त्या भाराने पाचची स्प्रिंग ६० मिलिमीटर दबते आणि आठची जेमतेम ३८. खड्डा आला की चाक खाली जाऊन रस्ता धरून ठेवते ते याच दबलेल्या अंतराच्या बळावर, आणि त्यातला एक तृतीयांशाहून अधिक भाग आपण काढून घेतला आहे. साध्या प्रवासी गाडीचे अंग सेकंदाला एक ते दीड वेळा हेलकावते. पाचच्या स्प्रिंगवर ते दोनच्या आसपास जाते, आणि तेवढे मी समजून-उमजून पत्करले होते. आठवर ते अडीचच्या पुढे जाते. शिवाय पिलोबॉलमध्ये रबर नसल्यामुळे रस्त्याचा प्रत्येक ठोका थेट गाडीच्या सांगाड्यात ऐकू येतो.

आता आजच्या संभाषणाविषयी. मी स्प्रिंगवरचा आकडा वाचून दाखवला, तेव्हा प्रतिनिधीने विचारले, "किती क्लिकवर ठेवलंय?" सर्वांत मऊ क्लिकवर आहे, असे मी सांगितले. क्लिकने, म्हणजे शॉक अब्सॉर्बरवरील खटक्याने, त्यातील तेलाची वाट कमी-जास्त होते, स्प्रिंगचा कडकपणा बदलत नाही, हेही सांगितले. त्यावर मला १९ मिनिटे थांबवून ठेवण्यात आले. परत आल्यावर ते म्हणाले, "मग टायरची हवा कमी करा." महामार्गावर रोज धावणाऱ्या गाडीची हवा कमी केली की टायर तापतो आणि खड्ड्यात रिमला मार बसतो, सस्पेन्शन विकणाऱ्या कंपनीच्या माणसाने हा सल्ला द्यावा, याचा मला धक्का बसला. मी म्हणालो की माझ्या आईला मणक्याचा त्रास आहे, दर आठवड्याला मी तिला फिजिओथेरपीला नेतो, आणि परवा एका गतिरोधकावर तिच्या तोंडून किंकाळी निघाली. त्यावर उत्तर आले, "मग आईंना रिक्षाने पाठवत जा ना." मागे कोणीतरी हसले, ते मला स्पष्ट ऐकू आले. मी नाव विचारल्यावर फोन ठेवण्यात आला.

मी पाचची स्प्रिंग मागितली होती. हे पुन्हा लिहितो, कारण पाचही फोनवर मला रस्त्यांचा दोष ऐकवण्यात आला. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असायला हवा, आणि आमच्याकडचे बहुतेक तसे नाहीत, हे खरे आहे. परंतु आपल्याच जाहिरातीत हा संच "भारतीय रस्त्यांसाठी जुळवलेला" असल्याचे म्हटले आहे. त्या एका वाक्यामुळे मी परदेशी संच बाजूला ठेवून आपला निवडला आणि माझ्या दोन सहकाऱ्यांनाही तोच सुचवला. त्यांना आता मी घडले ते सर्व सांगितले आहे.

माझी मागणी अशी आहे की आपण पाचच्या स्प्रिंगा व रबरी टॉप माउंट पाठवावेत आणि शॉक अब्सॉर्बरचे व्हॉल्व्हही त्या स्प्रिंगशी जुळवलेले असल्याचे लेखी द्यावे, कारण आठसाठी जुळवलेला शॉक पाचच्या स्प्रिंगला जखडून ठेवील आणि माझी तक्रार तशीच राहील. बसवण्याची मजुरी आणि पुन्हा करावे लागणारे व्हील अलाइनमेंट यांचा खर्च आपण सोसावा. त्या प्रतिनिधीच्या बोलण्याबद्दल लेखी दिलगिरी हवी, आणि ती माझ्या आईच्या नावे हवी.

पंधरा दिवसांत हे झाले नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये मी पुणे जिल्हा आयोगाकडे तक्रार दाखल करीन. सर्व ईमेल आणि स्प्रिंगवरील आकड्याची छायाचित्रे माझ्याकडे आहेत.

गाडीचे मूळ स्ट्रट (कंपनीचे स्प्रिंगसह शॉक अब्सॉर्बर) मी जपून ठेवले होते. ते उद्या सकाळी पुन्हा बसवून घेत आहे. आपला संच मूळ खोक्यात बांधून ठेवतो. तो नेण्यासाठी माणूस पाठवावा.

आपला ग्राहक,
धायरी, पुणे