गळ्याची सोनोग्राफी आधी करून घे

जि. वर्धा

प्रिय सुरेश,
सप्रेम नमस्कार.

वहिनींचा गळा दुखतो, छातीत धडधडतं, टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारं हार्मोन; रक्तात थायरॉईडचं हार्मोन वाढलं की हे कमी होतं) कमी आला म्हणून थायरॉईडचं हार्मोन बनणं थांबवणाऱ्या गोळ्या सुरू केल्या, हे तुझ्या पत्रात वाचून राहवलं नाही. गळ्याची सोनोग्राफी झाली का? नसेल तर आधी करून घे, कलर डॉपलरसह, म्हणजे ग्रंथीतला रक्तप्रवाह रंगात दिसतो.

गेल्या हिवाळ्यात, ऐन कापूस वेचणीत, सुमनला हेच झालं. सर्दी-तापानंतर गळ्याची डावी बाजू दुखायला लागली, कळ थेट कानात जायची. मग दुखणं उजवीकडे सरकलं. सेवाग्रामला नेलं. खांद्याखाली उशी देऊन मान मागे केली, थंडगार जेल लावलं, अन् डॉक्टरांनी मला पडद्यावर दाखवलं. निरोगी थायरॉईड एकसारखी, शेजारच्या स्नायूंपेक्षा उजळ दिसते. हिच्या ग्रंथीत धड कडा नसलेले काळपट डाग होते. प्रोब नेमका त्यांच्यावर टेकला की ही कळवळायची. डॉपलर लावलं तर डागांत रंग जवळजवळ नाहीच, म्हणजे रक्तप्रवाह कमी.

सगळी गोम इथंच आहे, गड्या. ग्रेव्हजच्या आजारात ग्रंथी जास्तीचं हार्मोन बनवते. डॉपलरवर ती अख्खी रंगानं भरून जाते. सुमनसारख्या थायरॉईडच्या दुखऱ्या सुजेत मात्र आधीच साठलेलं हार्मोन रक्तात सांडतं. टीएसएच दोन्हीकडे कमीच. पण हार्मोन बनणं थांबवणाऱ्या गोळ्यांचा सुजेवर उपयोग नाही. तिथं सूज उतरवणारं औषध, गरज पडली तर स्टिरॉईड. नुसत्या चित्रावरही निदान होत नाही, ईएसआर (अंगातली सूज सांगणारी रक्ताची तपासणी) आणि बाकी रक्त सोबत बघावंच लागतं. सुरू असलेल्या गोळ्या मनानं बंद करू नका, डॉक्टरांना विचारूनच काय ते करा.

काही महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी केली तेव्हा डाग आकसले होते. मधे टीएसएच उलटा वर गेला. साठा संपला की असं होतं, आणि बहुतेकांचं पुढं सावरतं. सुमनचंही सावरलं.

ताईंची हाशिमोटोची सूज वेगळी. जपानच्या हाशिमोटोंनी १९१२ साली सांगितलेली. ती सहसा दुखत नाही. पडद्यावर ग्रंथी खरबरीत, काळपट, मधून पांढऱ्या रेषा. तिथं हार्मोन कमी पडलं तर ते भरून काढणारी गोळी देतात, तिचा डोस टीएसएचवर ठरतो. गाठ नसेल तर दरवर्षी सोनोग्राफीत पैसे कशाला घालायचे?

जाताना जुने रिपोर्ट आणि गोळ्यांचं पाकीट ने, आधी सर्दी-ताप झाला होता का तेही सांग. तुरीची फवारणी दोन दिवस मागं पडली तर पडू दे. हवं तर मी सोबत येतो.

तुझा,
रमेश